डुकरं दोरी चघळतात तेवढा वेळ

सन्माननीय अध्यक्ष क्नुड, व्यासपीठावर यजमानांसह विराजमान झालेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या पशुवैद्य डॉ. मारेनबाई, आणि भाजलेल्या डुकराच्या वासाने ज्यांचं लक्ष केव्हाच स्वयंपाकघराकडे गेलं आहे अशा माझ्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

मारेनबाई आज निवृत्त होताहेत. "आस्गर, चार चांगले शब्द बोल," असं क्नुडनं मला बजावलंय. बोलतो की! पण आधीच सांगून टाकतो, मला या बाईंचा हेवा वाटतो. हसू नका, खरंच वाटतो.

पूर्वी तपासणी म्हणजे काय असायचं? डुकराच्या नाकाडाला फास, मानेत सुई, आणि किंकाळ्या पार फ्योर्डच्या खाडीपलीकडे. मारेनबाई आल्या त्या सुती दोरी घेऊन. दोरी गजाला टांगली की डुकरं आपणहून धावत येतात, चघळतात. मग ती पिळायची आणि लाळ तपासायला पाठवायची. फुफ्फुसात जंतू शिरले तर डुकरं खोकायच्या आधी कळतं. माझी अख्खी शेड त्यामुळे एकदा वाचली. ते उपकार मी विसरणार नाही.

पण चघळून व्हायला लागतो अर्धा तास. तोवर माणसानं काय करायचं? कठड्याला टेकून गप्पा मारायच्या. आणि कोणाशी? माझ्या बाबांशी!

आमचे एस्किलबाबा तुम्हाला ठाऊक आहेत. जेवताना मला म्हणणार, "बटाटे सरकव." झालं बोलणं! तेच बाबा मारेनबाईंची गाडी दिसली की टोपी चढवून शेडमध्ये हजर. दाराच्या काचेतून मी बघायचो. हातवारे काय, हसणं काय! मी आत पाऊल टाकलं की, "आस्गर, तो पंखा का बंद आहे रे?" मग मी निमूट पंखा बघायला जायचो.

या वसंतात बाबा गेले. आमच्या स्वयंपाकघरात बसून पाद्रीबाईंनी विचारलं, अंत्यविधीला चर्चमध्ये बाबांच्या आवडीचं कोणतं गीत म्हणायचं? मला ठाऊकच नव्हतं. सांत्वनाला आलेल्या मारेनबाईंनी कॉफी ओतता ओतता सांगितलं. तेव्हा मला रडू यायच्या आधी राग आला. माझ्या बापाचं सगळं बोलणं यांच्याकडे, आणि माझ्या वाट्याला बटाटे अन् पंखा!

मारेनबाई, तुम्हाला फुलं दिली, फुलदाणी दिली. आता मी मागतो. मंगळवारी शेडवर या. तपासणीला नाही. बाबा काय बोलायचे, तेवढं मला सांगा. माझ्याबद्दल वाईट बोलले असतील, तरी चालेल.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा, मागच्यांनाही ऐकू दे.

"येईन रे बाबा! पण डुकरं चघळतील तेवढाच वेळ हं!"

ऐकलंत ना सगळ्यांनी? साक्षीला राहा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही भुकेल्या पोटी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. सत्कारात गाऱ्हाणं मांडलं, तेवढं पोटात घाला.

आणि मारेनबाई, दोरी मी आणून ठेवली आहे. चांगली जाड बघून आणलीय.