शेवट तेवढा सांगा

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, वाचनालयातच आहे, जेवायची सुट्टी आहे. … हो, झाली मीटिंग. … अगं ऐक ना, राहिला. आमचा सिनेमा विभाग राहिला. … हो, खरंच. म्हणजे मीही राहिले. तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायला नाही पाठवत मला.

सांगते, सगळं सांगते, आधी तू तो कुकर बंद कर. शिट्ट्या इथपर्यंत ऐकू येतायत. … केलास? बरं.

मी तुला रडत फोन केला होता ना, तेव्हा सगळं ठरल्यातच जमा होतं. कपाटं रिकामी करायची, डिस्क खोक्यांत भरायच्या आणि खोलीत कॉम्प्युटर लावायचे. … आता कुणाला काय बोलणार? पूर्वी शुक्रवारी सिनेमे न्यायला जिन्यापर्यंत रांग लागायची. आता सगळ्यांना फोनवरच दिसतं. डिस्क नेऊन करणार काय, लावायला मशीन नको घरात? … हो, तुमचंही भाऊजींनी भंगारात दिलं, माहितीये मला.

तर मी खोकी भरतेय, आणि काठी टेकत एक काका आले. दिसत नाही त्यांना, अजिबात. … अगं हो, सिनेमाच मागायला. मीही विचारलं, बघणार कसा? … नाही, घरी काकू सांगतात ना. टीव्हीवर सिनेमा लागला की शेजारी बसून, आता तो दार उघडतोय, आता ती रडतेय, असं सगळं. पण काकू अर्ध्यात झोपतात. … दर वेळी. दिवसभर शिलाई मशीनवर बसून दमतात बिचाऱ्या. काका म्हणाले, "अर्धे अर्धे खूप सिनेमे पाठ आहेत माझे. तुम्ही शेवट तेवढा सांगा."

… मग काय, सांगितला. इथला मोठा टीव्ही लावला आणि बसले शेजारी. … सोपं वाटतं तुला. पहिल्याच सिनेमात हिरो-हिरॉइन बागेत. मी म्हटलं, "दोघं जवळ आलेत." काका म्हणाले, "किती जवळ?" म्हटलं, "पुरेसे." … हस, हस. तिकडे पेपर वाचत बसलेली मंडळीही हसली आणि एकेक करून आत आली. … अगं चांगली डोळस माणसं, पण काही जण डोळे मिटून ऐकत होते. मग दर शनिवारी यायलाच लागले सगळे. खोकी राहिली तशीच अर्धवट भरलेली.

… हो, येतेच तिकडे. परवा वाचनालयाच्या अध्यक्ष मॅडम आल्या, कॉम्प्युटरसाठी खोली बघायला. बघतात तर खोली भरलेली. मागे खुर्ची ओढून बसल्या. आणि हळूच विचारतात, "आधी काय झालं?" … मी नाही, काकांनीच सांगितलं. सगळा पूर्वार्ध, अगदी कुणाच्या अंगात कुठला कोट होता तेसुद्धा.

आणि ऐक, नेमकी तेव्हाच डिस्क अडकली. … शेवटच्या प्रसंगात. मुलगी परदेशी निघालीये, बाप तिला अडवायला बंदरावर धावतोय, आणि चित्र ठप्प. पुसली, फुंकली, उलटी करून बघितली, काही नाही. सगळे माझ्याकडे बघतायत. … मी बघितलाय गं तो, एकेक डिस्क लावून तपासते ना मी. तर टीव्ही बंद केला आणि तोंडानेच सांगितला. त्याचे बूट, बंदराचा ओला धक्का, बोटीचा भोंगा. … मॅडमनी नाक पुसलं, मी बघितलं.

… हो, त्याच म्हणाल्या मीटिंगमध्ये. घरी न्यायला नसतील लागत हे सिनेमे, पण एकत्र बसून बघायला, ऐकायला ही खोली हवी. अंध मुलांच्या शाळेलाही कळवायचं म्हणतायत. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर.

… आनंद आहेच गं. पण ताई, एक घोटाळा झालाय. … मी शेवट बदलला. … मुद्दाम नाही. खरं तर तो पोचतो तेव्हा बोट गेलेली असते. पण काका इतके पुढे सरकून बसले होते, की मी म्हटलं, पोचला. मुलगी उतरली. … तसंच. आणि मॅडमनी त्याच सिनेमाची नवी डिस्क मागवलीये, सगळ्यांना पुन्हा दाखवायला.

… काकांना सांगितलं ना, काल जिन्यात गाठून. म्हणाले, "मला वाटलंच. इतका दम लागलेला माणूस बोट गाठतो होय? पण बरं वाटलं ऐकून. घरी हिलाही तुमचाच सांगितला." … नाही, रागावले कसले, पायऱ्या उतरेपर्यंत हसत होते.

… मॅडमना? … अगं त्यांनीच तर सगळं वाचवलं, त्यांना कसं सांगू? … हो, पण… … हो, कळतंय मला, त्या सगळ्यांदेखत बघणारेत तो. … तसं नाही, पण आजच लगेच… … थांब, थांब, त्याच येतायत. चपलांचा आवाज ओळखते मी. … बरं बाई, सांगते. सांगून टाकते. ठेव तू. …

या मॅडम, बसा ना. तो बंदरावरचा सिनेमा आहे ना, त्याच्या शेवटाबद्दल जरा बोलायचं होतं.