हाताला बटण कुठलं?

सन्माननीय अध्यक्षा, म्हणजे या गिटारच्या कारखान्याच्या मालकीणबाई. व्यासपीठावरचे पाहुणे वादक. करवतीवरचे, तारांवरचे, पॉलिशवरचे सगळे सहकारी. आणि समोर बसलेली आमची घरची मंडळी,

आजचे सत्कारमूर्ती माझे जावई. जावयाचं कौतुक सासूकडून करून घ्यायचं, हा बेत ज्यांनी आखला त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार. अक्षरांशी माझी ओळख नाही. मी सांगितलं, लेकीनं लिहून घेतलं आणि माझ्याकडून घोकून घेतलं. मी अडखळले तर ती पहिल्या रांगेतून ओठ हलवेल. नवऱ्याबद्दलचं एखादं वाक्य तिनं गाळलं असेल, तर ते मी पदरचं घालणार आहे.

मगाशी माझ्या नातीनं, म्हणजे यांच्याच मुलीनं, इथे गिटार वाजवली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी नुसता श्वास सोडला. का, ते सांगते.

निवृत्त होणाऱ्या माणसानं घडवलेला शेवटचा नेक सगळ्यांसमोर वाजवायचा, ही इथली रीत. नेक म्हणजे गिटारची मान, जिच्यावर डाव्या हाताची बोटं पळतात. जावईबापूंनी उभा जन्म तेवढंच घडवलं. आणि वाजवणार कोण, असं विचारल्यावर त्यांनी मुलीचं नाव सांगितलं. नात पोटापाण्यासाठी गिटार वाजवते, पण कार्यक्रमाला जाताना बापाची कधी नेली नाही. दुसऱ्या कारखान्याची नेते! घरात हा विषय निघाला की आमच्याकडे सगळ्यांना अचानक भांडी घासायची आठवण व्हायची.

एकदा मीच विचारलं. ती म्हणाली, "आजी, बाबाच्या नेकवर हात चिकटतो. जाडही आहे. आणि आवाज जरा टोचतो."

जावई दारातच उभे होते.

आता मला सांगा, तक्रारी किती झाल्या? या गृहस्थांना एकच ऐकू आली. आवाज टोचतो! आयुष्यभर मेपलचं कडक, फिकट लाकूड तासलं, वर काचेसारखं लॅकर चढवलं, आणि पोरगी म्हणते टोचतं. शेवटच्या नेकसाठी त्यांनी मेपल बाजूला सारलं आणि महोगनी घेतली. का, तर तिचा आवाज मऊ, उबदार. सोबत नेक पातळही केला आणि लॅकरऐवजी नुसतं तेल चोळलं; म्हणजे हाताच्या तक्रारीही मिटवल्या, पण मनात घोर आवाजाचाच.

मी म्हटलं, "अहो, गिटार विजेवर चालते ना? मग लाकूड कुठलं का असेना!"

"आई, तारेचं एक टोक नेकवर असतं. नेक हलला की तारेचा जोर तोच खाऊन टाकतो."

"घरात आणखी एक खाणारा," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

गिटार जोडून झाली, आणि नात घरीच वाजवून बघायला बसली. पहिल्यांदाच म्हणाली, "बाबा, हाताला काय छान लागतंय रे!" यांचा चेहरा फुलला. मग तिनं तिच्या गाण्यातला तो लांब धरायचा सूर घेतला, आणि तो मेला. शेजारचे सूर ठणठणीत, आणि हा एकटाच उमटला न उमटला तोच विझायचा. मऊ लाकूड, त्यात पातळ केलेलं. नेमक्या त्या सुराला नेक थरथरायचा. यांनी गिटारच्या डोक्याला लाकूडकामाचा शिकंजा आवळला. वजन वाढताच सूर जिवंत!

नात म्हणाली, "बाबा, स्टेजवर जाताना शिकंजा लावूनच जाऊ का? लोक विचारतील, डोकं दुखतंय का हिचं?"

त्यांनी शिकंजा सोडवून ठेवला. समारंभ तोंडावर आला होता. जेवताना म्हणाले, "शेवटचाच नेक वाया गेला. तू तुझी नेहमीची गिटार आण. मी सांगतो सगळ्यांना." असं म्हणून ताटावरून उठले. माझ्या लेकीला रडू आवरेना, आणि मला, खरं सांगते, पहिल्यांदा जावयाची दया आली.

नात त्यांच्या मागोमाग गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये.

"हाच आकार, हेच तेल. लाकूड फक्त मेपल घे."

"टोचेल तुला."

"टोचू दे. आवाज मी गिटारचं बटण फिरवून गोड करून घेईन. अँप्लिफायर आहे, तारा बदलता येतात. हाताला बटण कुठलं बाबा? मला हाताला हाच स्पर्श हवाय."

त्यानंतर जावईबापूंनी मेपल घेऊन जो रंधा धरला, तो त्यांना जेवायला हाका मारून माझा आवाज बसला. पॉलिशवाल्या ताई लॅकरची बाटली घेऊन आल्या, तर त्यांना दारातून परत पाठवलं म्हणे. ताई, राग मानू नका, हा माणूस असाच आहे.

जावई म्हणतात, प्रत्येक नेकमध्ये एखादी मरतुकडी जागा असतेच. ती गाण्याच्या वाटेत आली नाही म्हणजे झालं. मगाशी नातीनं तो लांब सूर धरला, तेव्हा यांनी डोळे मिटले होते. मी नव्हते मिटले. सूर चालत राहिला, चालत राहिला, आणि तिनंच बोट उचललं तेव्हा थांबला.

जावईबापू, तुम्ही सुटलात आणि आम्हीही सुटलो. मालकीणबाईंनी या हट्टी माणसाला इतकी वर्षं सांभाळलं, सहकाऱ्यांनी सोसलं, पाहुण्यांनी वेळ काढला, सर्वांची मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल तर म्हातारी म्हणून पोटात घाला. आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या नातीलाही माफ करा. वायर काढलेली गिटार मांडीवर घेऊन ती मगापासून बोटं फिरवत बसली आहे. माझ्या भाषणातला एक शब्दही तिनं ऐकलेला नाही.