बरं होण्याची तारीख

...आणि मला नियम शिकवतोय कोण, तर खातेवाल्यांचा फोनवरचा तो ब्राइस! "मॅडम, लाकूड औषधात बसत नाही." अरे, बसत नाही म्हणजे? पैसे कुणाचे? माझे! पंधरा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले, दर पगाराला आरोग्य बचत खात्यात टाकत गेले. त्यावर कर लागत नाही, म्हणून दुखण्याखुपण्यालाच वापरायचे, कबूल! पण गुडघ्याखाली पाय नाही, दारात पाच पायऱ्या, मग माझ्या चाकाच्या खुर्चीला लाकडी उतार नको?

तुम्हाला सांगते, चर्चला जायचं म्हटलं की एकीकडून नवरा ऑर्विल, दुसरीकडून शेजारचा लेस्टर, मला खुर्चीसकट उचलतात. लेस्टर दरवेळी म्हणतो, "व्हर्ना, हलकी झालीस गं!" मेल्या, पाय गेलाय माझा! हसते मी, पण लाज वाटते हो... जीव नकोसा होतो.

त्यात आमचं हे थंडगार डुलुथ गाव! नोव्हेंबरात जमीन गोठली की उताराच्या खांबांचे खड्डे खणायचे थेट मे महिन्यात. सुतार रोज विचारतोय, "बाई, ठरतंय का?"

उतार हवाच, असं डॉक्टरीणबाईंचं पत्र पाठवलं, तर ब्राइस म्हणे, "अर्जात बरं होण्याची तारीख राहिलीय." अरे बाबा, पाय कापलाय, मुरगळलेला नाही! "रकाना रिकामा चालत नाही, मॅडम." घ्या! पैसे कुणाचे? माझे! पाय कुणाचा? माझा! आणि तो उगवणार कधी, ते ह्याला सांगायचं!

पास्टरना फोन लावला. म्हटलं, जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले सगळे धडधाकट उठणार, असं तुम्हीच सांगता ना? मग तारीख द्या! बिचारे खाकरायला लागले, "ती कुणालाच ठाऊक नसते, व्हर्ना..." मग मीच टाकली, ३१ डिसेंबर ९९९९! आणि काय सांगू... दुसऱ्या दिवशी मंजूर!

सुतारानं चार दिवसांत उतार ठोकला, अन् परवा मी... एकटी... खाली! ऑर्विल धावला, "धरू का?" म्हटलं, हात लावून तर बघ! सुसाट गेले ती रस्त्याकडेच्या आमच्या टपालपेटीपर्यंत. अकरा महिन्यांनी स्वतःचं टपाल स्वतःच्या हातानं काढलं. रडले हो, पेटीला धरून रडले!

आणि टपाल कुणाचं? त्या खातेवाल्यांचंच! "अपंगत्व अजून चालू आहे का, ते दरवर्षी कळवावे." ...कळवते हो, कळवते! दर एक जानेवारीला पांघरूण वर करून बघते, उगवला असेल तर पहिला फोन तुम्हालाच!