दिपोटीसाहेबांचा बैल

दिपोटी म्हटलं की आज तुम्ही हसता. पण एकोणीसशे साठच्या आसपास मी शेणव्याच्या शाळेत नवी बाई होते, तेव्हा शाळा तपासायला येणाऱ्या त्या साहेबांच्या नुसत्या नावानं मी हजेरीपट पुन्हा पुन्हा तपासायचे. मी अजून कायम झाले नव्हते आणि ते त्यांच्याच हातात होतं.

साहेब आले आणि चौथीच्या मुलांना म्हणाले, "एका व्यापाऱ्यानं म्हसाच्या जत्रेत बैल तीनशेला विकला. नफा किती?"

पोरांनी पाट्या पुढे ओढल्या. गणित अपुरं आहे हे मला कळत होतं, पण साहेबांना सांगणार कोण? तेवढ्यात चौथीतलीच ठकी उठली.

"साहेब, घेतला केवढ्याला, ते तुमी सांगितलंच नाय."

मला वाटलं, गेली नोकरी.

"दोनशेला," साहेब म्हणाले.

"शंभर नफा!" सगळी पोरं ओरडली. ठकी मात्र उभीच.

"आता काय?" साहेबांनी आवाज चढवला.

"मधी त्याला चारा घातला असंल ना? त्याचं पैसं?"

साहेब सावकाश माझ्याकडे वळले. "बाई, हे तुम्ही शिकवलं?"

हो म्हणावं तर उद्धटपणा शिकवला असं होईल, नाही म्हणावं तर काहीच शिकवलं नाही असं. घाबरून खरं तेच तोंडातून गेलं, "नाही साहेब, तिच्या घरी बैल आहे."

"मग कायम कोणाला करू? तुम्हाला की बैलाला?"

वर्ग खो खो हसला. मला मात्र कायम केल्याचा हुकूम हातात पडेपर्यंत हसू फुटलं नाही.