काळ्या मेंढीचा पुढचा पाय

कॅमेऱ्याचं कौतुक सांगतोय असं वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. एका दुष्काळात आमच्या गारखेड्यात घरामागं मोकळे प्लॉट होते, मधेमधे बांधकामं निघत होती. वैजापूरकडचे मेंढपाळ धुळाबामामा बायकोसोबत मेंढ्या घेऊन तिथं उतरले होते. मी नुकताच एक कॅमेरा घेतला होता. खिशात मावायचा, पण हललेलं सगळं अगदी संथ करून दाखवायचा. बांधकामासाठी खणलेल्या चरावरून मेंढ्या उड्या मारत होत्या, त्यांचा व्हिडिओ काढून मी मामांना दाखवायला गेलो.

मामा बायकोला सांगत होते, "काळीच्या पुढच्या उजव्या पायात कायतरी रुतलंय."

"नाय वो, चांगली पळती की!"

मी म्हटलं, "थांबा मामी, यात बघू."

तिघंही पडद्यावर वाकलो. काळी मेंढी हवेत तरंगली. लोकरीतून उडालेली धूळसुद्धा वेगळी दिसत होती. मग ती खाली आली. तीन पाय टेकले आणि पुढचा उजवा सगळ्यात शेवटी, अगदी अलगद.

मामांनी मेंढी धरली, खूर उलटा केला. आत बारीक खिळा! आणखी दोन दिवसांत पाय सडला असता.

"मामा, तुम्हाला कॅमेऱ्याशिवाय कसं दिसलं?"

खिळा उपसून काढत मामा म्हणाले, "जल्मभर मेंढरांच्या मागं चालतोय. यवढं सावकाश तर मी रोजच बघतो, लेकरा."