रिकाम्या डिकीची गाडी

माझ्याकडे एक गाडी आहे. सीझनमध्ये ती रोज आमच्या बागेतल्या द्राक्षांचे क्रेट घेऊन पिंपळगावच्या बाजारात जाते, आणि महिन्यातून एका रविवारी मी तिला रेसिंग ट्रॅकवर पळवतो.

तर ट्रॅकवर जोरात वळण घेतलं की तिची मागची बाजू घसरायची. टायर बदलले, अलाइनमेंट केली, पण फरक शून्य. गंमत म्हणजे पिंपळगावच्या रस्त्यावर तीच गाडी एकदम शहाण्यासारखी वळायची. हे कोडं काही सुटेना.

शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने विचारलं, "रस्त्यावर असतं आणि ट्रॅकवर नसतं, असं काय आहे?"

"क्रेट," मी म्हणालो. "ट्रॅकवर डिकी रिकामी करावी लागते."

त्याने गाडी वर उचलली आणि खालून टॉर्च मारला. मागच्या दोन्ही स्प्रिंगांमध्ये जाड रबर बसवलेले.

"रबरामुळे मागून एवढी कडक झालेली गाडी रिकामी वळवली तर घसरणारच. कोणी बसवले हे?"

मी तिथूनच अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला.

"मीच बसवले की," ते म्हणाले. "मालानं गाडी लय खाली बसत होती. तुला सांगायचं राहिलं."

रबर काढले. त्या रविवारी गाडी प्रत्येक वळणाला चिकटून गेली. घरी येऊन मी अण्णांना खुशीत सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून त्यांनी विचारलं,

"म्हणजे माल असला की गाडी घसरत नव्हती?"

"नव्हती."

"मग रबर कशाला काढले? ट्रॅकवर जाताना चार क्रेट टाकायचे."