कृपा टेलर्स, जेल रोड

नवसाबाई: माप द्यायला नाय आले मी. त्याला कामावरून काढा, एवढं सांगायला आले.

एस्तेर: कोणाला, ताई? माझ्याकडे चार माणसं आहेत.

नवसाबाई: भिमाजीला. आतल्या खोलीत बसतो ना, तो. मी त्याच्या भावाची बायको, निफाडकडून आले. ज्याला मारलं त्यानं, त्या भावाची.

एस्तेर: बसा. त्या स्टुलावर बसा. आत मशीन चालू आहे, त्याला ऐकू जाणार नाही.

नवसाबाई: जाऊ द्या ऐकू. त्यानं काय केलंय ते माहीत हाय का तुम्हाला?

एस्तेर: माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं. तीन वर्षं झाली त्याला. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस राहिले होते आणि गणवेशांच्या कामाचा ढीग पडला होता. हा दारात येऊन उभा. म्हणाला, नाशिकरोड जेलमध्ये सोळा वर्षं काढली, त्यातली दहा शिवणखात्यात. शर्ट येतो, हाफ पँट येते, काज हातानं करता येतं. मी विचारलं, आत कशासाठी होतात? म्हणाला, भाऊ मारला. पाण्याच्या पाळीवरून. खाली बघूनच बोलत होता.

नवसाबाई: अन् घेतलं तुम्ही.

एस्तेर: त्या दिवशी नाही. उद्या या म्हटलं. खरं सांगू? उद्या येऊ नये असंच वाटत होतं. मी विधवा बाई, दुकानात कामाला सगळ्या बायका. माझे यजमान नोटांच्या प्रेसमध्ये होते. नाताळात चर्चची माणसं घेऊन जेलमध्ये गाणी म्हणायला जायचे. मी एकदाही गेले नाही, मला भीती वाटायची. ते चौऱ्याण्णव साली गेले, मग मी हे दुकान काढलं. आता तिथलाच एक माणूस माझ्या दाराशी आला होता. घरी गेले, प्रार्थनेला बसले. दुकानाला कृपा नाव मीच दिलं होतं, ताई. कृपा म्हणजे ज्याची लायकी नाही त्याला मिळते ती. रंगाऱ्याला सांगून पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतली होती. मग दुसऱ्या दिवशी तो आल्यावर कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

नवसाबाई: ती पाटी वाचूनच आत आले मी. मला वाटलं तुमच्या लेकीबिकीचं नाव असंल.

एस्तेर: सगळ्यांना तसंच वाटतं.

नवसाबाई: माझी बहीण लंका इथंच राहते, पाण्याच्या टाकीमागं. तिच्या लेकराचे कपडे तुमच्याकडंच शिवतात. ती लय कौतुक सांगायची. म्हणायची, एक ख्रिश्चन बाई हाय, उरलेलं कापड पिशवीत घालून परत देती. दुमड एवढी ठेवती की पोरगं वाढलं तरी उसवून लांब करता येतं. रविवारी दुकान उघडत नाय, पण सांगितलेल्या दिवशी कपडा तयार असतो. मीच तिला म्हणायचे, अशी माणसं राहिली नायत आता. मागच्या आठवड्यात ती माप द्यायला आली. हा मापाची टेप गळ्यात टाकून बाहेर आला. तिनं वळखलं. त्यानं नाय वळखलं तिला, माझ्या लग्नात ती एवढीशी होती. कापड इथंच टाकून लेकराला तसंच वढत घरी नेलं तिनं. दोन वर्षं त्याच्या हातचे शर्ट घातले हो त्या लेकरानं.

एस्तेर: मला कळतंय, ताई.

नवसाबाई: तुम्हाला कसं कळंल?

एस्तेर: नाही कळणार, बरोबर आहे. पण मी त्याला लपवून ठेवलेलं नाही, एवढं ऐका. तो आला त्या आठवड्यात बायकांना बसवून सगळं सांगितलं. दोघी त्याच दिवशी सोडून गेल्या. मंगलाबाई आठवडाभर घरी बसली, मग आली. म्हणाली, त्याच्या मशीनकडे पाठ करून बसणार नाही, तोंड करून बसेन. अजून तशीच बसते. एका शाळेच्या बाई आठ वर्षं सगळं काम मला देत होत्या. त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, माणूस बदला, नाहीतर टेलर बदलावा लागेल. आमच्या चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले, एस्तेरबाई, ठेवायचा तर ठेवा, पण त्या शाळेला सांगा काढला म्हणून, आणि घरी काम पाठवत जा. खोटं कशाला बोलू? सांगितलं, काढलेला नाही. ती शाळा गेली. त्या जूनमध्ये मी, मंगलाबाई आणि तो, तिघांनीच राहिलेलं काम ओढलं. सबंध महिन्यात त्याचा एक कपडा परत आला नाही.

नवसाबाई: तुम्ही चांगल्या हाय. त्याच्यासाठी सोसलं तुम्ही. पण माझं काय त्यात?

एस्तेर: आमच्यात क्षमेला फार...

नवसाबाई: थांबा. क्षमा तुम्ही केली त्याला?

एस्तेर: हो.

नवसाबाई: तुमचं काय गेलं होतं?

एस्तेर: माझं?

नवसाबाई: सांगा ना. माझा नवरा गेला. सायली पोटात होती अन् मोठा तीन वर्षांचा. थोरला दीर जेलात, सासूला दिसत नाय. द्राक्षबागंला औषध मी मारलं, ऊस तोडायला मी उभी राहिले. क्षमा करायची असंल तर ती माझ्याजवळ हाय. ती तुम्ही कशी देऊन बसल्या?

एस्तेर: बरोबर आहे तुमचं. माझं काहीच गेलं नव्हतं.

नवसाबाई: मी भांडायला नाय आले.

एस्तेर: भांडलात तरी चालेल. सकाळी दुकान उघडलं की आम्ही सगळे उभे राहून दोन मिनिटं प्रार्थना करतो. तीन वर्षं रोज मी त्याचं नाव घेते. त्याचं मन शांत कर, त्याच्या हाताला यश दे. मागे कोणी बाई असेल, तिची लेकरं असतील, हे माझ्या मनात आलं होतं. पण त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर सोपं राहिलं नसतं.

नवसाबाई: मग आता काढणार का त्याला?

एस्तेर: नाही. ते माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही सांगितलंत, तुमचा अधिकार आहे सांगण्याचा, पण मी काढणार नाही. राग माझ्यावर धरा.

नवसाबाई: मला वाटलंच.

एस्तेर: तुम्ही निफाडहून एवढ्या लांब फक्त एवढ्यासाठी आलात?

नवसाबाई: दुसरं कशाला येऊ?

एस्तेर: सहज विचारलं.

नवसाबाई: तो सुटला तेव्हा गावात बातमी आली. मला वाटलं, आता येईल. घर त्याचं बी हाय. दाराशी येईल, उभा राहील, मग मी बोलंन. काय बोलायचं ते किती वर्षं जमवून ठेवलं होतं. रोज अंगण झाडताना रस्त्याकडं बघायची. तो आलाच नाय. आला तो तुमच्याकडं. माझ्याकडं यायच्या आधी तुमच्या दाराशी आला, अन् तुम्ही घेतलं बी त्याला.

एस्तेर: तो आत आहे. बोलवू?

नवसाबाई: नको.

एस्तेर: बरं.

नवसाबाई: एकच विचारायचं होतं मला. ते कोर्टात कोणी विचारलं नाय. फावडं किती लांब, मार कुठं बसला, समदं विचारलं. हे नाय विचारलं.

एस्तेर: काय?

(आतलं मशीन थांबतं. भिमाजी पडदा सारून दारात येऊन उभा राहतो.)

भिमाजी: नवसा.

नवसाबाई: ऐकत होता?

भिमाजी: आवाज वळखला.

एस्तेर: मी बाहेर थांबते. तुम्ही दोघं...

नवसाबाई: तुम्ही बसा इथंच, बाई. मला एकटीला नाय जमायचं. अन् तो उभाच राहू द्या.

भिमाजी: उभाच हाय मी.

नवसाबाई: मला शेतावर आणलं तवा हे गेलेले होते. तिथं तुम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. शेवटी काय बोलले हे? काय बोलले का नाय?

भिमाजी: बोलला.

नवसाबाई: काय?

भिमाजी: पाट फुटला होता आमच्या झटापटीत. पाणी समदं वढ्याला चाललं होतं. गोरख बांधावर बसला, डोक्याला हात लावून. मी जवळ गेलो तर म्हणाला, दादा, पाणी वाया चाललंय, पाट बांध आधी.

नवसाबाई: मग?

भिमाजी: मग मी पाट बांधला. त्यानं सांगितलं म्हणून. त्याच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून बी. माती वढली, चार-पाच फावडी टाकली. मागं वळलो तर आडवा झाला होता. त्याला उचलून पळायला पाहिजे होतं मी. पाट बांधत बसलो.

नवसाबाई: माझं काय बोलले? लेकराचं?

भिमाजी: नाय. त्याला वाटलं नसंल मरतो म्हणून.

नवसाबाई: खोटं सांगता आलं असतं तुम्हाला.

भिमाजी: आलं असतं.

नवसाबाई: तसंच बोलणार ते. पाणी वाया गेलेलं त्यांना चालायचं नाय. जेवताना तांब्या लवंडला तरी बोलायचे.

एस्तेर: पाणी देऊ, ताई?

नवसाबाई: द्या. अर्धाच भरा.

भिमाजी: सुटल्यावर निफाडच्या स्टँडपर्यंत आलो होतो मी. दोनदा. गावाच्या गाडीत नाय बसलो.

नवसाबाई: यायला पाहिजे होतं.

भिमाजी: व्हय.

नवसाबाई: मी काय बी बोलले असते. अंगावर धावले असते. तरी यायला पाहिजे होतं.

भिमाजी: आता येऊ?

नवसाबाई: आता नको. सायलीचं लग्न जमतंय, पोराकडची माणसं येऊन जातात. तिला काय सांगायचं ते माझं मला ठरवू द्या. बाई, काढू नका यांना. राहू द्या इथं. कुठं हायेत ते मला माहीत पाहिजे.

एस्तेर: इथंच असतील. आणि ताई, तुमची बहीण पुन्हा आली नाही तर मी समजेन. तिचं कापड अजून कापलेलं नाही, तसंच परत देईन.

नवसाबाई: तिचं ती बघंल. मी निघते. गाडी चुकली तर दोन तास बसावं लागंल.

भिमाजी: नवसा, आई गेली तवा...

नवसाबाई: कोणी सांगितलं तुम्हाला?

भिमाजी: निफाडचा एक जण आत आला होता शिक्षेवर. त्यानं सांगितलं, सहा महिन्यांनी.

नवसाबाई: मीच कळवू दिलं नाय. सरपंच म्हणाले, तार करू, मयतीला सोडतात जेलवाले. मी म्हणाले, त्या माणसाचा खांदा नको तिला. माझ्या मनानं केलं ते. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

भिमाजी: तू बरोबर केलं.

नवसाबाई: बरोबर का चूक ते मला नाय माहीत.

भिमाजी: आईला लय त्रास झाला का?

नवसाबाई: दोन दिवस. अन्न सुटलं होतं. तुमचं नाव घ्यायच्या. भिमा, आला का रे, भिमा. थांबायच्याच नाय. दिसत तर नव्हतंच त्यांना. मग शेवटी मीच ओ दिली.